जुना ट्रान्सफर बॉक्स घेताना : मामांच्या जिप्सीची गोष्ट

(हा भाग बोललो तसाच उतरवून काढला आहे. 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे निम्मे कमी केलेत.)

आज कोडबद्दल काही बोलणार नाही. गेल्या वर्षी माझे बरेचसे शनिवार-रविवार एका लोखंडी डब्याच्या मागे गेले, त्या डब्याबद्दल बोलायचं आहे. जुन्या फोर बाय फोर गाड्यांचं वेड असणारे काही जण ऐकतात हे मला माहीत आहे, त्यांना यातलं अर्धं ठाऊक असेल. पण तुम्ही जुन्या गाडीचा कुठलाही मोठा पार्ट सेकंडहँड घेणार असाल, तर मी जिथे आपटलो तिथे तुम्ही आपटू नये, एवढ्यासाठी हा भाग.

माझे मामा पानशेतच्या मागच्या अंगाला, डोंगरात राहतात. वाडीपर्यंत रस्ता आहे, पण शेवटचे दोन-अडीच किलोमीटर म्हणजे आधी खिंड चढायची आणि मग पलीकडे उतरायचं. उन्हाळ्यात कुठलीही गाडी जाते. जून ते सप्टेंबर मात्र तिथे मामांची जिप्सी जाते, आणि एक ट्रॅक्टर. १९९४ ची एमजी ४१०, ९७० सीसीचं इंजिन, चार गिअर, ताकद जेमतेम ४५ हॉर्सपॉवर. आजकालची साधी हॅचबॅकसुद्धा यापेक्षा ताकदवान असते. पण ती जिप्सी त्या खिंडीत चढते, कारण इंजिन आणि चाकांच्या मध्ये ट्रान्सफर बॉक्स आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. गिअरबॉक्समधून ताकद निघते ती जिप्सीत थेट मागच्या चाकांना जात नाही. आधी एका छोट्या शाफ्टमधून गाडीच्या मध्यावर लटकवलेल्या दुसऱ्या डब्यात जाते. तिथून दोन प्रोपेलर निघतात, एक पुढे, एक मागे. त्या डब्याला एकच लिव्हर, त्याच्या चार जागा: टू-हाय, फोर-हाय, न्यूट्रल, फोर-लो. ही जागांची ओळ लक्षात ठेवा, लो आणि हायच्या मध्ये न्यूट्रल आहे. पुढे त्याचं काम पडणार आहे.

बऱ्याच नव्या गाड्यांत हेच काम एक छोटी मोटर करते. डॅशबोर्डवर नॉब असतो, तो फिरवला की झालं. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला असूनही सांगतो, जुना घ्यायचा असेल तर लिव्हरचाच घ्या. मोटर, सेन्सर, कंट्रोल युनिट यांतलं काय मेलंय हे भंगाराच्या दुकानात उभं राहून कळत नाही. लिव्हरच्या डब्यात जे काही आहे ते हाताने फिरवता येतं, उघडून डोळ्यांनी बघता येतं.

जिप्सीचा डबा गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, चॅसिला तीन रबरी माउंटिंगवर वेगळा टांगलेला असतो. त्यामुळे तो एकटा उतरवता येतो, आणि म्हणूनच बाजारात तो सुटा फिरतो. जीपवाले वेगळ्याच गाडीत बसवायला पण जिप्सीचा बॉक्स शोधत असतात, ते याच कारणाने.

आता इथे एक गोष्ट सांगून पुढे जातो, कारण हा प्रश्न मला नेहमी येतो. "माझी टू-व्हील ड्राइव्ह आहे, तिला फोर बाय फोर करता येईल का?" लोखंडाच्या हिशेबाने येईल. फक्त बॉक्स पुरणार नाही, पुढचा एक्सल, पुढचा प्रोपेलर, सगळंच लागेल. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं आहे की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर आधी आरटीओत विचारा, मग स्पॅनर हातात घ्या. आमची जिप्सी कंपनीतूनच फोर बाय फोर आली होती, आम्हाला तिचाच पार्ट तिलाच लावायचा होता.

तर झालं असं की गेल्या वर्षी जानेवारीत मामांचा फोन आला. "अरे, गाडी खिंडीत बसली. इंजिन चालू आहे, गिअर पडतो, चाकं फिरत नाहीत." मी म्हटलं क्लच गेला असेल. ते म्हणाले, "क्लच नाही रे. खालून आधी घरघर आली, मग काहीतरी तुटल्यासारखा टक्‌कन आवाज."

ट्रॅक्टरने ओढून गाडी खाली आणली. बॉक्स उघडला तर आतला काउंटर गिअर दाताळ म्हाताऱ्यासारखा झालेला. बेअरिंगच्या गोळ्या सुट्या झाल्या होत्या आणि बेअरिंग बसतं ती हाउसिंगची जागा खरवडून निघाली होती. कारण अगदी किरकोळ. ऑइल सील वर्षभर ठिबकत होतं. या बॉक्समध्ये एक लिटरपेक्षाही कमी ऑइल मावतं, त्यातलं थोडं थोडं गेलं तरी उरत काही नाही. गाडीखालचा तो काळा डाग मी दिवाळीला बघितला होता, मामांनी रोज बघितला होता. "जुनी गाडी आहे, ठिबकणारच," असं आम्ही दोघंही म्हणालो होतो.

आणि हा डबा गेला की गाडी नुसती फोर बाय फोर राहत नाही असं नाही. ती हलतच नाही. टू-व्हीलची ताकदसुद्धा त्यातूनच जाते.

नवा अख्खा बॉक्स आम्हाला जवळच्या कुठल्याच दुकानात मिळाला नाही. जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली, आणि २०१९ च्या सुमारास तुमच्या-आमच्यासाठी विकायची बंद झाली. गिअर, सील, बेअरिंग असं सुटं काही मिळतं, पण आमचं हाउसिंगच खराब झालं होतं. म्हणजे जुना, पूर्ण बॉक्स शोधणं आलं.

मग मी जे केलं ते माझ्या पिढीचा माणूस करतो तेच. फोन काढला आणि शोधलं. दिल्लीकडून जिप्सीचं सामान भरपूर येतं. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, आणि जिप्सी तर पेट्रोलच, त्यामुळे चालत्या स्थितीतल्या गाड्या तुटायला गेल्या. शिवाय लष्कराच्या जुन्या जिप्सी लिलावात निघतात. एका विक्रेत्याने व्हिडिओ पाठवला. धुतलेला, वर चंदेरी रंग मारलेला बॉक्स, एक हात फ्लँज फिरवतोय, मागे पंजाबी गाणं. "जिप्सी का है सर, एकदम ओके, गॅरंटी." १३,५०० रुपये आणि ट्रान्सपोर्टचं भाडं टू-पे. मी पाठवून दिले.

एक गोष्ट मी विचारली नाही: कुठल्या जिप्सीचा?

बॉक्स आला. आमच्या फिटरकाकांनी फ्लँजचं थोडं जमवून घेतलं आणि बसवला. मार्चमध्ये गाडी सुरू झाली. आवाज नाही, गळती नाही, लिव्हर लोण्यासारखा पडतोय. मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, ती घेऊन पुण्याला आला आणि म्हणाला, "हायवेला काय पळते रे आता. पूर्वी साठच्या वर इंजिन ओरडायचं, आता सत्तरला पण शांत." मी खूश. मला वाटलं चांगला बॉक्स मिळाला म्हणून गाडी सुधारली.

मामा मात्र खूश नव्हते. "खिंडीत गाडी दम टाकते," एवढंच म्हणायचे. फिटरकाका म्हणाले कार्ब्युरेटर. उघडून साफ केला, किट बदललं, ३,८०० रुपये. तरी दम टाकतेच. मग म्हणाले क्लचप्लेट थोडी घासली आहे, बघू पावसाळ्यानंतर. मी मामांना म्हटलं, "मामा, तुम्हाला सवय राहिली नाही, दोन महिने गाडी बंद होती ना." हे वाक्य मी बोललो आहे. तीस वर्षं तीच गाडी त्याच खिंडीत चालवणाऱ्या माणसाला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या आजींना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं. वाडीत असं काही झालं की मामांचंच दार वाजतं. गाडीत मागे आजी, त्यांचा मुलगा, सून आणि मामी, पुढे मामा आणि दादा. पाऊस धो धो. खिंडीतल्या दुसऱ्या वळणावर लो, पहिला गिअर, आणि गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू करून क्लचवर उचलायला गेले तर जळका वास आणि गाडी हळूहळू मागे. त्या वळणाला कठडा नाही. दादाने उडी मारून चाकामागे दगड लावला. आजींच्या मुलाने आणि दादाने खाली उतरून ढकललं, दोन माणसांचं वजन कमी झालं, तेव्हा ती कशीबशी चढली. आजी वेळेत पोचल्या, आता बऱ्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

दादाने मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. मामांनी सांगितलंच नाही. मी शुक्रवारी रात्री निघून वाडीला गेलो.

आता इथे येतो तो भाग, ज्याच्यासाठी खरं तर हा सगळा एपिसोड आहे. मी तोपर्यंत वाचून काढलं होतं की जिप्सीचे ट्रान्सफर बॉक्स दोन वेगवेगळ्या आकड्यांचे आहेत. आमच्या एमजी ४१० चा हाय १.५८० आणि लो २.५११. म्हणजे हायमध्ये आत येणारा शाफ्ट १.५८ फेऱ्या फिरला की बाहेर जाणारा एक फेरी फिरतो. १९९६ पासून आलेली जिप्सी किंग, मोठं १३०० सीसीचं इंजिन, पाच गिअर, तिचा हाय १.४०९ आणि लो २.२६८. किंगला इंजिन ताकदवान होतं, तिला तेवढ्या गिअरिंगची गरज नव्हती. बाहेरून दोन्ही डबे भाऊ-भाऊ. एकाच्या जागी दुसरा बसतो. गंमत अशी की परदेशात सुझुकी समुराईवाले मुद्दाम उलटं करतात, मोठ्या इंजिनाच्या गाडीत छोट्या इंजिनाच्या गाडीचा बॉक्स घालतात, चढाला जास्त जोर मिळावा म्हणून. आम्ही न कळता सुलट केलं असेल तर?

मोजायला काय लागतं? खडू. मामांच्या पडवीत, मागचा एक्सल जॅक लावून उचलला, खाली ओंडके लावले, पुढच्या चाकांना दगड. लिव्हर टू-हायमध्ये, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. गाडीखाली झोपलो. बॉक्समध्ये येणाऱ्या छोट्या शाफ्टवर एक खडूची रेघ आणि मागच्या प्रोपेलरवर एक रेघ. छोटा शाफ्ट हाताने फिरवत जायचं आणि मागच्या प्रोपेलरच्या दहा फेऱ्या होईपर्यंत मोजायचं. मामा बाहेर उकिडवे बसून मोजत होते, मी आतून ओरडत होतो. एमजी ४१० चा असता तर सोळाला थोडं कमी यायला हवं होतं. चौदा आले. चौदा आणि एक छोटासा तुकडा. मी पुन्हा मोजलं. चौदा.

किंगचा बॉक्स. हायमध्ये ११ टक्के जोर कमी, लोमध्ये १० टक्के. हायवेला इंजिन शांत झालं ते याच्यामुळे आणि खिंडीत दम टाकत होतं तेही याच्याचमुळे. रिकामी गाडी असताना तेवढं जाणवायचं नाही. सहा माणसं, ओला चढ, थोडी घासलेली क्लचप्लेट आणि वर ते १० टक्के. ४५ हॉर्सपॉवरमध्ये १० टक्के म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

मी गाडीखालून बाहेर आलो आणि मामांना आकडा सांगितला. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे गाडी बरोबर बोलत होती ना?" मी म्हटलं, हो मामा. मामीने चहा आणला. त्यावर पुढे कोणी काही बोललं नाही, आणि ते जास्त लागलं. कामाच्या ठिकाणी मी ज्युनिअर मुलांना सांगत असतो की प्रॉडक्शनवर टाकायच्या आधी टेस्ट करा. इथे टेस्टला एक खडू आणि पंधरा मिनिटं लागत होती.

विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, आपने जिप्सी का बोला था, जिप्सी का ही दिया है." आणि खरं सांगायचं तर त्याचं चूक नव्हतं.

दुसरा शोध मी फोनवर केला नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो. ज्यांनी तो भाग बघितला नाही त्यांना सांगतो, तिथे जुन्या गाड्यांचे पार्ट गल्ल्यागल्ल्यांत रचलेले असतात. इंजिनांच्या भिंती, दरवाज्यांचे ढीग. एका दुकानात जिप्सीचे बॉक्स होते. खडू खिशात होताच. पहिल्या दोन बॉक्सना चौदा आले. तिसऱ्याला सोळाच्या आत. लिव्हरच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर घालून लो पाडला, आता दहा फेऱ्यांना पंचवीस. तंतोतंत. मला नाचावंसं वाटलं. दुकानदार माझ्याकडे बघत होता, की हा बॉक्स घ्यायला आलाय की पाढे पाठ करायला.

बाकीही बघितलं. टू-हायमध्ये पुढचा फ्लँज मोकळा फिरतो का, फोर-हायमध्ये मागच्याबरोबर फिरतो का, न्यूट्रलमध्ये दोन्ही सुटतात का. फ्लँज धरून वर-खाली, आत-बाहेर हलवून बेअरिंगचा प्ले. फिरवताना बोटांना किरकिर लागते का. माउंटिंगच्या कानांना तडा आहे का. खालचा ड्रेन बोल्ट उघडून थोडं ऑइल हातावर घेतलं. करडी, मऊ पेस्ट असेल तर ठीक, ती झीज असते. बोटांत टोचणारे कण असतील तर आत काहीतरी तुटलंय. ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, ओढ्यातून फिरलेल्या गाड्यांचं असं होतं. आणि ऑइल अजिबात नसेल, डबा आतून कोरडा आणि बाहेरून नवा रंग, तर तिथून निघा. या बॉक्समध्ये ऑइल होतं, काळं, पण कण नव्हते.

म्हणजे सगळं पास. मी पैसे काढणार होतो. सोबत फिटरकाका होते, ते म्हणाले, "उघडून बघू."

दुकानदार म्हणाला, "उघडला की माल तुमचा." हा तिथला नियम आहे, आणि त्याची बाजूही समजण्यासारखी आहे. प्रत्येक गिऱ्हाईक उघडून टाकून गेलं तर उरलेलं सामान कोण घेणार? थोडी घासाघीस झाली. शेवटी ठरलं की ५०० रुपये उघडायचे, पुन्हा बंद तेच करणार, नाही आवडला तर ५०० सोडून द्यायचे.

उघडला. गिअरचे मुख्य दात छान. पण लो गुंतवणाऱ्या स्लीव्हचे छोटे दात, जे एकमेकांत सरकून अडकतात, त्यांच्या कडा चोखलेल्या गोळीसारख्या गोल झाल्या होत्या. काकांनी बोट फिरवून दाखवलं. असे दात हाताने फिरवताना अगदी बरोबर वागतात. भार आला की सटकतात. आता ती लिव्हरची ओळ आठवा. लोच्या शेजारी न्यूट्रल. खिंड उतरताना तुम्ही लोमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी धरून आणताय, आणि लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडाला. इंजिनचा आधार गेला, गाडी फक्त ब्रेकवर, तेही ओले. माझा हिशेब, माझा खडू, माझे पंचवीस, सगळं बरोबर आणि तरी तो बॉक्स मामांच्या गाडीत घालण्यासारखा नव्हता.

दुकानदार वाईट माणूस नव्हता. ५०० घेतले, चहा पाजला. म्हणाला, "साहेब, आत काय आहे मला पण माहीत नसतं. मी गाडी वजनावर घेतो." हे वाक्य मी विसरणार नाही. आपण समजतो की विकणाऱ्याला माहिती आहे आणि तो लपवतोय. बहुतेक वेळा त्याला माहितीच नसते. व्हिडिओ पाठवणाऱ्यालाही नव्हती.

मला आणखी एका ठिकाणी एक बॉक्स दाखवला होता, खूप स्वस्त, जवळजवळ निम्म्या किमतीत. कुठल्या गाडीचा विचारलं तर "तुम्हाला काय करायचंय". आरसीवर इंजिन नंबर आणि चॅसि नंबर असतो, ट्रान्सफर बॉक्सचा नसतो. म्हणजे चोरीच्या गाडीचा असला तर तुम्हाला कळायचा काही मार्ग नाही. ज्या गाडीचा आहे तिचा नंबर आणि बिल, एवढं तरी मागा. मी तो सोडून दिला, पण खोटं कशाला बोलू, रात्रभर किंमत डोक्यात होती.

तिसरा ओळखीतून मिळाला. साताऱ्याजवळ एका शेतकऱ्याकडे एमजी ४१० होती. पत्रा आणि चॅसि पार कुजलेली, जिप्सीला गंज लागतो तो लागतोच. त्यांनी आरटीओत आरसी रद्द करून घेतली होती, कागद दाखवला. आणि मुख्य म्हणजे इंजिन अजून चालू होतं. हे मला आधी सुचलं नव्हतं, बॉक्स तपासायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे ज्या गाडीत तो आहे ती गाडी. दादा आणि मी दोघं गेलो होतो. त्यांच्या शेताच्या बांधाला बऱ्यापैकी उतार होता. फोर-लो, पहिला गिअर, वर चढवली, मग खाली येताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि लिव्हरला हात लावला नाही. पुन्हा. दुसऱ्या गिअरमध्ये पुन्हा, मध्येच ॲक्सिलरेटर दाबायचा आणि एकदम सोडायचा. लिव्हर जागचा हलला नाही. काका बांधावर बसून सुपारी खात आमचे उद्योग बघत होते. मग गाडीखाली झोपून खडू. सोळाला थोडं कमी.

१८,००० रुपये. ते वीस म्हणत होते. बॉक्स आम्हीच उतरवला, तीन तास लागले, एक बोल्ट तापवून काढावा लागला. घरी आणल्यावर तरीही उघडला. सगळी ऑइल सील नवी, एक बेअरिंग किंचित आवाज करत होतं ते बदललं, ब्रीदर साफ केला. आणि बसवताना काकांनी आमच्या गाडीच्या चॅसिवरची माउंटिंग रबरं बघितली, तर एक फाटलेलं निघालं. ते तसंच ठेवलं असतं तर भार आल्यावर बॉक्स वळला असता, लिव्हर खालच्या भोकाच्या कडेला टेकला असता, आणि चांगल्या दातांचा बॉक्ससुद्धा लोमधून सुटला असता. म्हणजे चांगला बॉक्स आणूनही आम्ही त्यालाच नावं ठेवली असती. तिन्ही रबरं बदलली. बॉक्सच्या मानाने ती काहीच महाग नाहीत, पण आधी कोणी बघितली नव्हती. मीही नाही. क्लचप्लेटही त्याच वेळी टाकून घेतली.

गणपतीच्या आधी गाडी तयार झाली. मामांनी पहिल्याच दिवशी सहा पोती घालून खिंड चढवली. मी शेजारी बसलो होतो. दुसऱ्या वळणावर त्यांनी मुद्दाम गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, माझ्याकडे बघितलं, आणि तिथून पुन्हा उचलली. काही म्हणाले नाहीत.

दादाची मात्र तक्रार आहे. हायवेला गाडी पुन्हा साठच्या वर ओरडते. तो म्हणतो, "किंगचाच ठेवला असता तर?" त्याला पुण्याला यायचं असतं, मामांना खिंड चढायची असते, आणि गाडी एकच आहे. या भांडणात मी पडत नाही.

तो किंगचा बॉक्स अजून माझ्या घरी पलंगाखाली आहे. चांगला आहे, मी उघडून बघितलाय, लोचे दात धारदार आहेत. एका बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलंय: "किंग, दहाला चौदा, मार्च ते ऑगस्ट चालवलेला." कोणाच्या किंगला लागत असेल तर सांगा. मी ज्या किमतीला घेतला त्यापेक्षा कमीच सांगेन, पण येऊन मोजून आणि उघडून घ्या, फोनवर देणार नाही. पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे जाऊ, डेटाबेस मायग्रेशनचा राहिलेला अर्धा भाग आहे. तोपर्यंत नमस्कार.